मानसीची झोप आणि माझं मशीन

आमच्या घरात सकाळी मिक्सर लावायचा नाही. कुकर तर नाहीच नाही. डाळ पातेल्यात शिजते, शिजते आणि शिजतच राहते. फोन सगळ्यांचे सायलेंटवर. दारावरच्या बेलची वायर आईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, स्वतः स्टुलावर चढून काढून ठेवलीय. राजेंद्र नगरात आमच्या गल्लीत कचरा गाडी गाणं वाजवत शिरली, की गुडघेदुखीच्या त्याच आई फाटकापर्यंत पळत जातात आणि ड्रायव्हरला हात जोडतात, "भिया, जरा गाना बंद कर दे ना. बहू सोई है." आणि तो भियाही लगेच बंद करतो.

ही झोपलेली बहू मी नव्हे. मी मोठी, स्मिता. मी त्या वेळी सगळ्यांचे डबे भरून, ओला-सुका कचरा वेगळा करून, बादल्या हातात घेऊन गाडीशी उभी असते. झोपलेली ती धाकटी, माझी जाऊ, मानसी. मोठ्या प्रायव्हेट हॉस्पिटलात आयसीयूत नर्स आहे. रात्रभर ड्यूटी करून येते आणि दिवसा झोपते. म्हणजे झोपायला जाते. झोपते की नाही, तीच तर सगळी गोष्ट आहे.

"तू जळतेस गं तिच्यावर," असं माझी बेटम्याची बहीण फोनवर म्हणाली. जळते! त्यात लपवायचं काय? माझ्या बाळंतपणात शेजारी लग्नाचा डीजे धडाधडा वाजत होता, तेव्हा याच आई म्हणाल्या होत्या, "कानात कापूस घाल." मला कापूस आणि हिच्यासाठी अख्ख्या गल्लीचं तोंड बंद. नावडतीचं मीठ अळणी म्हणतात, ते खोटं नाही.

आणि माझं मशीन! मी घरी फॉल-पिको करते, ब्लाउज शिवते. मशीन हॉलमध्ये खिडकीशी असायचं. उजेड यायचा, वारा यायचा, येणाऱ्या-जाणाऱ्या बाया दोन शब्द बोलायच्या. मानसीच्या झोपेला त्रास नको म्हणून ते उचलून गच्चीवरच्या पत्र्याच्या शेडमध्ये गेलं. एप्रिलमध्ये त्या पत्र्याखाली बसून बघावं कुणीतरी. साडीला पिको करता करता माझाच पापड व्हायचा.

मानसी महूची. आजोबा फौजेत होते, वडील छावणीतल्या दवाखान्यात ड्रेसर, मलमपट्टी करणारे. दवाखान्याचा वास अंगात घेऊनच जन्मली असावी. गल्लीत कुणाला सलाईन लावायचं असलं तर तिलाच हाक. म्हाताऱ्यांच्या हातावर शीर सापडत नाही, ही एकदाच बोट फिरवते आणि सुई आत. माझा दीर ज्ञानदीप वीज मंडळात आहे. तो लग्नात मला म्हणाला होता, "वहिनी, आपल्या घरात आता एक सिस्टर आहे, कुणी आजारी पडायचं काही टेन्शन नाही." मग आजारी पडली ती तीच.

लग्नानंतर दुसऱ्या वर्षी हे झालं. सलग नाइट ड्यूट्या लागल्या, झोप तुटली, आणि एकदम बाईला पंखच फुटले. बोलणं थांबेना. घरातले सगळे पडदे धुतले, वाळायच्या आत परत धुतले. राजवाड्याच्या बाजारात जाऊन एकाच रंगाच्या चादरींचा गठ्ठा घेऊन आली. हसायची, आणि हसता हसता आमच्या सगळ्यांवर चिडायची. नंतर मग भिंतीकडे तोंड करून जी पडली, ती आंघोळीलासुद्धा उठेना. मानसिक रोगांच्या डॉक्टरांनी बायपोलर असं नाव सांगितलं, गोळ्या दिल्या. त्यांनी आईंना बजावलं, "औषध मी देतो. झोप तुम्ही सांभाळा. हिची झोप गेली की पहिलं दुखणं परत येतं."

आईंनी ते वाक्य असं धरलं, जसं काही परमवीर चक्र मिळालंय. झोप सांभाळायची म्हणजे आवाज बंद. त्या दिवसापासून आमचं घर मुकं झालं.

हॉस्पिटलात तिनं यातलं काही सांगितलं नव्हतं. "टायफॉइड झाला होता" म्हणून परत ड्यूटीवर गेली. डॉक्टर म्हणत होते, मी लिहून देतो, नाइट बंद करून घे. ती म्हणायची, "सर, सिस्टरचंच डोकं ठिकाणावर नाही म्हटल्यावर मला पेशंटजवळ कोण उभं करेल? आयसीयू जाईल माझा." आयसीयूवर तिचा भारी जीव. मी माझ्या मशीनबद्दल बोलते तशी ती तिथल्या मशीन्सबद्दल बोलते.

तर या एप्रिलमध्ये तिला परत नाइट लागल्या, आणि परत झोप उडाली. आठवडा होत आला. सकाळी घरी यायची, गोळी घ्यायची, खोलीत जायची, दार लोटायची. घर श्वास रोखून बसायचं. दुपारी बाहेर यायची ती डोळे लाल, आणि बोलणं भरभर. एक दिवस मी गच्चीवरून खाली आले, तर बाईसाहेब हॉलचे पडदे काढत होत्या. आईंनी माझ्याकडे बघितलं, मी आईंकडे. पडदे म्हणजे काय, ते आम्हा दोघींनाही ठाऊक होतं.

आणि त्यातच आली चौदा एप्रिल.

आमच्याकडे जयंती म्हणजे काय, हे ज्यानं महूची गर्दी बघितली नाही त्याला सांगून कळणार नाही. नागपूर, अकोला, कुठून कुठून माणसं येतात. आमच्या महिला मंडळाचा दरवर्षी भोजनदानाचा मंडप असतो. पुऱ्या लाटायला मी. माझ्या पुऱ्यांशिवाय मंडप नाही, असं मंडळाच्या बायाच म्हणतात. यंदा तर सगळ्या बायांचे पांढऱ्या साडीवरचे निळे ब्लाउज मीच शिवले होते, त्या पत्र्याखाली बसून. माझी साडी इस्त्री करून खुर्चीवर ठेवली होती.

आदल्या दिवशी चहाच्या वेळी आई म्हणाल्या, "मानसीला एकटं सोडून जाता येणार नाही. कुणीतरी थांबायला पाहिजे."

सगळे चहात बघायला लागले. मंडळाच्या अध्यक्ष म्हणून आईंना जाणं भाग. ज्ञानदीपच्या गाडीत किराणा आणि भांडी जाणार. आमचे हे पाण्याच्या टँकरवर. पोरं आजीबरोबर. मग हळूहळू सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या.

"माझ्याकडे काय बघता? माझ्या कपाळावर लिहिलंय का?"

"वहिनी, फक्त यंदा," ज्ञानदीप म्हणाला. त्याचा चेहरा इतका उतरला होता की मला शिवी आली ती गिळावी लागली.

सकाळी निघाले सगळे. निळे झेंडे लावून, जयभीम करत, माझे ब्लाउज घालून! पोरं गाडीतून हात हलवत गेली. मी फाटकात गाउनमध्ये उभी. बेटम्याची माझी बहीणसुद्धा महूला गेली, आणि मी इथं दुसऱ्याच्या बायकोची झोप राखायला. सांगते, त्या क्षणी मानसीचा मला इतका राग आला की आली असती समोर तर बादलीच फेकून मारली असती.

आली थोड्या वेळानं. स्कूटी लावली, बूट हातात घेऊन आत आली. तिचं बोलणं आज बंद होतं, ते जास्त वाईट.

"सगळे गेले?"

"गेले."

"तुम्ही नाही गेलात, ताई?"

"नाही गेले. पोहे खाते?"

"नको." गोळी घेतली आणि आत गेली. दार लोटलं.

मी हॉलमध्ये बसले. पंखासुद्धा एकवर, कारण दोनवर तो करकरतो. टीव्ही बंद. समोर खुर्चीवर माझी साडी. तिकडे आता पिठाचे गोळे होत असतील, माझ्या जागेवर कुणीतरी जाड्याभरड्या पुऱ्या लाटत असेल. बसून बसून डोकं तापलं. म्हटलं, बघू तरी, महाराणी निदान झोपलीय का. दार सरकवलं.

ती उताणी पडली होती, डोळे टक्क उघडे.

मग माझा बांध फुटला. "काय गं ए! सगळं घर तुझ्यासाठी मेल्यासारखं पडलंय! कुकर बंद, मिक्सर बंद, माझं मशीन पत्र्याखाली, माझी जयंती गेली चुलीत, आणि तू डोळे उघडे टाकून छत बघतेयस? झोपायचं नव्हतं तर सांगायचं होतं, मी गेले असते पुऱ्या लाटायला!"

ती उठून बसली. मला वाटलं, आता रडेल, किंवा चिडेल. ती म्हणाली, "तेच तर ना, ताई. सगळं मेल्यासारखं पडलंय."

"म्हणजे?"

"आयसीयूत सारखा आवाज असतो. मॉनिटर, पंप, व्हेंटिलेटर. आवाज चालू आहे तोवर सगळं ठीक. एखादं मशीन गप्प झालं की आम्ही पळतो. इथं घरी येते आणि सगळंच गप्प. मी पडल्या पडल्या ऐकत बसते, आता कोण गेलं म्हणून. आई खोकतात तेसुद्धा पदर तोंडात धरून. मला कळतं ते. मग छातीत असं धडधडतं."

"मग बोलली का नाहीस?"

"आई इतकं करतात माझ्यासाठी. त्यांना कोणत्या तोंडानं सांगू, की आवाज करा?" आणि मग एकदम म्हणाली, "ताई, एक बोलू? राग नका येऊ देऊ. तुम्ही जेवण झालं की भिंतीला टेकून बसता, आणि दोन मिनिटांत घोरायला लागता. तोंड उघडं, हातात अर्धी निवडलेली भाजी. मी दाराच्या फटीतून बघते रोज. सही में, इतकी जळते मी तुमच्यावर. वाटतं, जाऊन गदागदा हलवावं तुम्हाला."

बाई गं! माझ्यावर जळते? मी तोंड उघडं टाकून घोरते, त्यावर? आयुष्यात माझ्यावर कुणी जळलं नव्हतं. माझ्याकडे होतं काय जळण्यासारखं? खोटं कशाला बोलू, मला आतून गुदगुल्या झाल्या. आणि रागही आला, की फटीतून बघते म्हणजे काय.

"ऊठ," म्हटलं. "बाहेर ये."

गच्चीवर गेले. मशीनचं डोकं स्टँडवरून सोडवलं आणि छातीशी धरून जिना उतरले. हात तुटायची वेळ आली. हॉलमध्ये खिडकीशी, त्याच्या जुन्या जागी टेबलावर ठेवलं. कुकर चढवला. पंखा चारवर. टीव्ही लावला, त्यावर महूची गर्दी दाखवत होते. बसले, पहिली साडी घेतली आणि बटण दाबलं. घर्रर्र! किती दिवसांनी त्या हॉलला आवाज मिळाला.

ती दारात उभी होती. "मी इथंच पडू, ताई?"

"कुठं पडायचं तिथं पड. मला काम आहे."

चटई टाकून मशीनपासून हातभर अंतरावर पडली. मी शिलाई मारायला लागले आणि तोंडही सोडलं. पहिल्यांदा आई, मग ज्ञानदीप, मग तिचं हॉस्पिटल, मग ते टँकरवर जाऊन बसलेलं आमचं ध्यान. "अपन काय दगडाचे आहोत? अपनला काय हौस नाही?" ती "हूं" म्हणायची. कुकरनं शिट्टी दिली. "हूं." मंडळाच्या बायांकडे आले, कोणाचा ब्लाउज कुठं सैल करावा लागला ते सगळं सांगितलं. हूं आला नाही. वाकून बघितलं. हात उशाला, तोंड उघडं.

झोपली की हो!

पाणी प्यायला म्हणून मशीन थांबवलं, तर लगेच तिच्या पापण्या हलल्या. झक मारत परत बटण दाबलं. साड्या संपल्या, फॉल संपले. मग कपाटातून जुन्या पेटीकोटाची चिंधी काढली आणि तिच्यावरच शिलाई मारत बसले. उभी मारली, आडवी मारली, शिलाईवर शिलाई. चिंधी पुठ्ठ्यासारखी कडक झाली, मी थांबले नाही. जेवले नाही. टीव्हीवर आमचा मंडप दिसतो का बघत होते, तो काही दिसला नाही. माझी अख्खी जयंती अशी गेली. मध्येच वाटलं, हिला झोप लागली तीसुद्धा माझ्याच कमाईची. आयत्या पिठावर रेघोट्या मारायला ही बरी! आणि मध्येच वाटायचं, झोप बाई, झोप. पडदे नको परत.

ऊन उतरल्यावर सगळे परतले. दारात आधी आई. मशीनची घरघर, टीव्ही, पंखा आणि जमिनीवर पडलेली मानसी. आईंचा चेहरा लालबुंद झाला. दबक्या आवाजात, पण काय बोलल्या! "घर मोकळं मिळालं की डाव साधला का गं? एक दिवस तुझ्यावर सोडलं पोरीला! खोलीतून बाहेर काढून जमिनीवर लोळवलीस? थांबव ते मशीन!"

मी तोंडानं उत्तर देणार होते, आणि ते काही साधं नसतं. पण एवढ्यात आईंनी पुढे होऊन प्लगच काढला. घरघर थांबली. मानसी कुशीवर वळली आणि कण्हली. मी आईंचा हात बाजूला करून प्लग परत लावला. घर्रर्र. मानसीचा श्वास परत लांब झाला.

आई बघतच राहिल्या. ज्ञानदीप मागून आला. बायकोजवळ गुडघ्यांवर बसला. ती चक्क घोरत होती. माझ्याइतकं नाही, पण घोरत होती. ज्ञानदीप शर्टाच्या बाहीनं डोळे पुसत बसला. पोरं दारातच चपला हातात घेऊन उभी होती. मी म्हटलं, "काय सोंगं उभी आहेत! या आत, आपटा चपला. आणि माझ्यासाठी पुरी आणलीय की तीसुद्धा संपवली?"

आणली होती. कडक, वातड. सांगितलं होतं मी.

त्या संध्याकाळी ती ड्यूटीवर गेली नाही. ज्ञानदीपनं फोन करून सुट्टी सांगितली, आणि ती पार दुसऱ्या दिवशी उन्हं वर आल्यावर उठली. उठली आणि गुपचूप चहा प्यायली. मग म्हणाली, "ताई, माझ्याबरोबर चला. डॉक्टरांकडून लिहून घेते आणि मॅट्रन मॅडमना सांगते. सगळं सांगते."

"मी कशाला? नवऱ्याला ने."

"ते रडतील. तुम्ही भांडाल."

भांडायची वेळ आली नाही, पण मॅट्रन काही विरघळल्याही नाहीत. आधी का लपवलंस, म्हणून चांगलं झापलं. मग चष्मा काढून म्हणाल्या, नोकरी जाणार नाही, नाइट बंद करते, पण आयसीयू सध्या नाही. ओपीडीत बस. मानसीनं मान हलवली. बाहेर येऊन स्कूटीला किल्ली लावेना, नुसती उभी राहिली. दोन वाक्यांत तिचा आयसीयू गेला होता. मी पाठीवर हात ठेवला, म्हटलं, "चल, पोहे खाऊ." आणि मनात काय आलं, तेही सांगते. ओपीडी म्हणजे रविवारी सुट्टी! रात्रीही झोपणार, रविवारही मिळणार. मला आहे का रविवार?

आता गोळी रात्रीची रात्री घेते. झोप येते, कधी येत नाही. जादू काही झालेली नाही. नाही आली की सकाळी मशीनजवळ चटई टाकते आणि मी तोंड सुरू करते. डॉक्टर हसले, म्हणाले, चालू ठेवा. मशीन हॉलमध्येच आहे. आई अजून बेलची वायर लावू देत नाहीत, पण कुकर लागतो.

मे महिन्यात मला लू लागली, उष्माघातच म्हणा. पत्र्याखालच्या त्या एप्रिलनं अंगातला दम आधीच काढून ठेवला होता. ताप चढला, डोकं फुटायला आलं. सकाळी उठायला गेले ती तशीच परत पडले. पडल्या पडल्या कुकरची वाट बघत होते. शिट्टी झाली नाही. मिक्सर लागला नाही. पोरांची भांडणं ऐकू येईनात. मला वाटलं, मानसीची झोप परत बिघडली वाटतं, आता परत सगळं तिच्यासाठी गप्प. आजारीसुद्धा मी धड पडू नये! तापातही माझा जळफळाट झाला.

मग गल्लीच्या तोंडाशी कचरा गाडीचं गाणं आलं. फाटक वाजलं. कुणीतरी पळत गेलं, आणि ते पाय आईंच्या गुडघ्यांचे नव्हते. मानसीचा आवाज आला, "भिया, जरा गाना बंद कर दो. हमारी ताई सोई हैं."

गाणं बंद झालं. सगळी गल्ली गप्प झाली. माझ्यासाठी.

झोप कसली येतेय! इतक्या शांततेत माझ्या छातीत धडधडायला लागलं. मानसी खोटं बोलत नव्हती, भीतीच वाटते. ती दार सरकवून बघायला आली, फटीतून. तशी मी पटकन डोळे मिटले, तोंड जरासं उघडं टाकलं आणि घोरायला लागले.